'सीनियर सिटिझन' आणि म्हातारी



या अंकाच्या कामाला बसलो त्याच आठवड्यात एका मेळाव्याचं पत्रक टेबलावर होतं. १ ऑक्टोबरला साठीपुढच्या बायकांचा मेळावा घ्यायचा, रेशन, पेन्शन, दवाखाना आणि घर या चार गोष्टींवर बोलायचं, एवढं सगळ्यांचं ठरलेलं. अडलं ते मथळ्यावर. एका तरुण कार्यकर्तीनं 'सीनियर सिटिझन महिला मेळावा' असं लिहून आणलं होतं. दुसरी म्हणाली, इंग्रजी कशाला, 'ज्येष्ठ नागरिक' लिहू. तिसरीला 'नागरिक' सरकारी वाटलं, म्हणून तिनं 'ज्येष्ठ भगिनी' सुचवलं. त्यावर दोघीतिघी हसल्या, कारण भगिनी म्हटलं की पाठोपाठ हळदीकुंकू येतं. शेवटी वस्तीतल्या ज्या मावशींच्या पुढाकारानं मेळावा होणार होता त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "शिनियर शिटिझन म्हंजी ज्याला पेन्शन असती त्यो. आमी म्हाताऱ्या."

पत्रक दोन दिवस लांबलं. शब्दांवर काय वेळ घालवता, प्रश्नांचं बोला, असं एकीनं सुनावलंही. तिचं म्हणणं खोटं नाही. पण 'टाकलेली', 'सोडलेली' हे शब्द आपण चळवळीत एकेक करून तपासले. 'परित्यक्ता' या शब्दालाही प्रश्न विचारला आणि पुढे 'एकल' म्हणू लागलो. म्हातारपणाचे शब्द मात्र आपण आले तसे घेतले, आणि त्यांतले बरेचसे इंग्रजीतून घेतले. सरकारी फॉर्मवर, बँकेच्या खिडकीवर, दवाखान्याच्या केसपेपरवर तेच असतात. ते कुठून आले आणि येताना काय घेऊन आले, काय मागे ठेवून आले, हे एकदा पाहायला हवं होतं.

मावशी बोलल्या ते सहज, पण इतिहासाला धरून. 'सीनियर सिटिझन' हा शब्द खरोखरच पेन्शनच्या भांडणातून जन्मला. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत बँका बुडाल्या, आयुष्यभराची शिल्लक गेली, आणि म्हाताऱ्या माणसांना काम द्यायला कुणी तयार नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस टाउनसेंड नावाच्या डॉक्टरनं १९३३ मध्ये एक योजना मांडली: साठीपुढच्या प्रत्येकाला दरमहा २०० डॉलर द्यावेत, अट एवढीच की त्यानं मोलाचं काम सोडावं आणि ते पैसे महिन्याच्या आत खर्च करावेत. योजना अंमलात आली नाही, पण तिच्यामागे देशभर म्हाताऱ्यांचे क्लब उभे राहिले. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला त्यामागे हा रेटाही होता. आणि १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातूनच सिनेटला उभा असलेला शेरिडन डाउनी हा उमेदवार आपल्या प्रचारात म्हाताऱ्या मतदारांना 'सीनियर सिटिझन्स' म्हणू लागला. कोशकारांनी नोंदवलेला या शब्दाचा जुना छापील उल्लेख तो हाच, आणि ती बातमी देणाऱ्या साप्ताहिकानं हा प्रचारापुरता काढलेला शब्द आहे असा टोमणाही त्याच ओळीत मारून ठेवला होता.

म्हणजे या शब्दाचे दोन तुकडे. 'सीनियर' हा गोडवा, आणि 'सिटिझन' हा दावा. मी कुणाच्या दयेवर नाही, मी मतदार आहे, राज्याकडून माझं घेणं आहे, असं तो दुसरा तुकडा म्हणतो. मतांसाठी काढलेला असला तरी त्या काळात त्यात जोर होता.

पण १९३५ च्या त्या कायद्यातून कोण वगळलं होतं ते आपल्या वाचक मैत्रिणींना सांगायलाच हवं. शेतमजूर आणि घरकामगार. म्हणजे अमेरिकेतल्या कष्टकरी काळ्या बायका, बहुतेक सगळ्या. दुसऱ्याच्या घरची भांडी घासून, मुलं सांभाळून म्हाताऱ्या झालेल्या बाईला त्या कायद्यात जागा नव्हती. १९५० मध्ये दुरुस्ती झाली, तीही नियमित एका मालकाकडे काम करणाऱ्यांपुरती. शब्द 'नागरिक' असा सगळ्यांना कवेत घेणारा, आणि हक्क मात्र ज्याच्या कामाची नोंद झाली त्याला.

आता हे आपल्या घरकामगार बायकांशी ताडून पाहा. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्यासाठी आपल्यातल्या कित्येकींनी मोर्चे काढले आहेत. त्यात नोंदणीचं वय १८ ते ६०. साठावं सरलं की ती कायद्याच्या दृष्टीनं घरकामगार राहत नाही. भांडी घासत असते ती सत्तरीपर्यंत, पण कार्ड संपतं. त्या दिवशी ती 'ज्येष्ठ नागरिक' होते, कारण २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्यात ती मर्यादा साठच आहे. मात्र राज्याची श्रावणबाळ योजना सुरू होते पासष्टीला. मधली पाच वर्षं तिला कशात बसवायचं? विधवा असेल, आजारी असेल, तर 'निराधार' म्हणून संजय गांधी योजनेत. म्हणजे ती आधी कामगार, मग निराधार, आणि मग श्रावणबाळाची आंधळी आई. प्रत्येक पायरीवर नवा शब्द, नवे दाखले आणि तलाठ्याकडे नव्या खेपा. २०२३ मध्ये या योजनांची रक्कम दरमहा १५०० रुपये केली. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये तर ८० वर्षांखालच्या माणसाला केंद्राचा वाटा २०० रुपयांचा. 'श्रावणबाळ' या नावाबद्दल एक सांगून पुढे जातो. योजना काढताना राज्यानं स्वतःला मुलगा ठरवलं आणि म्हातारीला कावडीत बसवलं. सून, मुलगी, बिनमुलाची, बिनलग्नाची, कुणी त्या गोष्टीत नाही. पेन्शन हा हक्क असेल तर पुंडलिक-श्रावणाला मध्ये कशाला आणायचं?

इंग्रजीकडे परत येऊ. तिथे 'ओल्ड' हा साधा शब्द टाळण्यासाठी एकामागून एक शब्द काढले गेले. आधी 'एजेड', मग 'एल्डर्ली', मग 'सीनियर सिटिझन'. प्रत्येक शब्द काही वर्षं सभ्य वाटतो, मग त्यालाही तोच वास लागतो आणि नवा शोधावा लागतो. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीनं या सगळ्या शब्दांचा विचार करून 'ओल्डर पर्सन्स' हा शब्द पत्करला. आपल्या केंद्र सरकारचं १९९९ चं धोरणही 'ओल्डर पर्सन्स' साठीच होतं. 'ओल्ड' नव्हे, 'ओल्डर'. व्याकरणात हे तुलनेचं रूप. पण कुणापेक्षा जास्त म्हातारं, ते सांगत नाही. गंमत अशी की इंग्रजीत 'ओल्ड'पेक्षा 'ओल्डर' कमी म्हातारं असतं. मराठीत हे आणायचं कसं? आपण 'ज्येष्ठ' घेतला. संस्कृतात तो सगळ्यांत मोठा असं सांगणारा शब्द. ज्येष्ठ पुत्र, ज्येष्ठ बंधू, ज्येष्ठ साहित्यिक. घरातली आणि सभेतली उतरंड त्यात आधीपासून आहे, आणि त्या उतरंडीत वर बाई सहसा नसते.

आणि बाई जेव्हा 'ज्येष्ठा' होते तेव्हा काय होतं? पुराणात ज्येष्ठा म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. धाकटी घरात, थोरली दाराबाहेर. मराठीत दारिद्र्य आलं की 'अक्काबाईचा फेरा' आला म्हणतात. ती अक्काबाई हीच. भाद्रपदात आपण ज्येष्ठागौरी बसवतो, तिला पुरणपोळी करतो, हे खरं. पण थोरलेपणाचा शब्द पुरुषाला लावला की मान आणि बाईला लावला की अवदसा, हे आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे. तेव्हा पुढचा मजकूर वाचताना 'इंग्रजी वाईट, मराठी बरी' असं कुणी समजू नये.

लॅटिनमध्ये म्हाताऱ्या पुरुषाला सेनेक्स म्हणतात. त्याच्यापासून 'सीनियर' आला, 'सिनेट' आलं, आणि आपण शाळेत ज्याला हाक मारतो तो 'सर'सुद्धा त्याच घराण्यातला. आपला 'सनातन' या मुळाचा लांबचा नातलग. विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक म्हणजे मुळात म्हाताऱ्यांच्या सभेची निवडणूक. 'सिनाइल' हा बुद्धी भ्रष्ट झाल्याचा शब्दही तिथूनच आला, पण पुरुषाच्या वाट्याला त्याबरोबर राज्यसत्ता आणि पदवीही आली. लॅटिनमध्ये म्हाताऱ्या बाईसाठी वेगळा शब्द होता. त्याच्यापासून इंग्रजीत 'अनाइल' हा एकच शब्द ओळखीचा राहिला. अर्थ काय, तर म्हातारीसारखं खुळचट. त्याच्यापासून ना सभा निघाली, ना सर निघाले.

बाकीचे शब्द असेच. 'क्रोन' म्हणजे सुरकुतलेली म्हातारी. तो ज्या फ्रेंच शब्दावरून आला त्याचा अर्थ मढं, सडलेलं मांस. इंग्रजीत म्हाताऱ्या मेंढीलाही क्रोन म्हणत. वयस्क बाईनं रंगीत कपडे घातले की इंग्रज आजही म्हणतो, मटणाला कोकराचा वेश चढवलाय. 'हॅग' म्हणजे आधी चेटकीण, मग कुरूप म्हातारी. 'स्पिन्स्टर' ही तर कष्टकरी बाई होती, सूत कातणारी. स्वतःच्या कताईवर पोट भरणाऱ्या बाईला नवऱ्याची तितकी गरज नसे. पुढे कायद्याच्या कागदावर अविवाहित बाईला हाच शब्द लागला, आणि मग लग्नाचं वय उलटलेली, कुणाला नको असलेली, असा त्याचा अर्थ झाला. ब्रिटनच्या नोंदवह्यांतून तो २००५ मध्ये गेला. अविवाहित पुरुष 'बॅचलर'. त्याला वय चिकटत नाही.

दादाभाई नौरोजींना आपण 'ग्रँड ओल्ड मॅन ऑफ इंडिया' म्हणायला शिकलो, त्याचं मराठी 'पितामह' केलं. 'ग्रँड ओल्ड वुमन' आपण अभ्यासात कधी वाचली नाही. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना वारल्या तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या, म्हणजे आजच्या कायद्यानं ज्येष्ठ नागरिक. पण आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत त्या कायम तरुण. म्हाताऱ्या सावित्रीबाईंचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही. हे आपलंही आहे.

सर्वांत कडक शब्द मात्र दवाखान्यात भेटतात. पस्तिशीत पहिल्यांदा दिवस गेलेल्या बाईच्या केसपेपरवर 'एल्डर्ली प्रायमी' असं लिहिलेलं आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. एल्डर्ली म्हणजे वयोवृद्ध. पस्तिशीत वृद्ध! इंग्रजी मुलखात याहून पुढे जाऊन 'जेरियाट्रिक प्रेग्नन्सी' म्हणत. तिच्याशेजारी पंचेचाळिशीचा नवरा बसलेला असतो, त्याच्या वयाची नोंद तेवढ्या ठळकपणे कुणी करत नाही. 'जेरियाट्रिक्स' हा शब्द १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरनं घडवला. म्हाताऱ्या माणसाच्या आजाराकडे 'वय झालं' म्हणून दुर्लक्ष करू नका, लहान मुलांसाठी वेगळं शास्त्र आहे तसं यांच्यासाठी हवं, असा त्याचा चांगला हेतू होता. त्यातला ग्रीक 'गेरोन' आणि आपली 'जरा' एकाच मुळाच्या. आपल्या 'जरठकुमारी विवाहा'तला जरठही तोच. १८९९ च्या 'संगीत शारदा'नं ज्याची नाचक्की केली तो. म्हातारा आणि कुमारी यांच्या लग्नाला मराठीत शब्द आहे, कारण ती रीत होती. उलट जोडीला शब्द नाही.

आणि पाळी जाणं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरचं 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक आलं. पाळी जाणं म्हणजे संप्रेरकाच्या कमतरतेचा रोग, त्यावर गोळ्या घेतल्या की बाई कायम बाई राहील, असा त्याचा सांगावा. औषध कंपन्यांचे पैसे त्याच्यामागे होते हे पुढे उघड झालं. लाखो बायकांनी त्या गोळ्या घेतल्या. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा संप्रेरकांच्या जोडगोळीचा भाग धोका दिसल्यामुळे मध्येच थांबवावा लागला, आणि मग चर्चा बदलली. त्रास असलेल्या बाईला औषध मिळू नये असं आम्ही म्हणत नाही. सरसकट सगळ्याच बाईपणाला रोगाचं नाव देण्याबद्दल बोलतो आहोत. आपल्याकडे तर पाळी जाण्याची वाटही पाहिली जात नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पाहणीचे आकडे २०१९ मध्ये एका समितीपुढे आले. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यांत तिशीतल्याही होत्या. खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये म्हणून. मग हाडं दुखतात, कंबर धरते, आणि चाळिशीच्या आत ती स्वतःच म्हणते, "आता म्हातारी झाले." या बाईचं म्हातारपण कोणत्या फॉर्मवर साठीला सुरू होणार?

वयाचं तर असं की पुष्कळजणींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते. खरी तारीख कुणी लिहूनच ठेवली नव्हती. विचारलं तर सांगतात, बहात्तरच्या दुष्काळात थोरली पोटात होती, खडी फोडायला जात होते. किंवा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नुकतं लग्न झालं होतं. यावरून हिशेब नीट लागतो, पण खिडकीवर तो चालत नाही. रेल्वेत बायकांना अठ्ठावन्नला निम्मं तिकीट मिळत असे. ती सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. एका बाईनं आम्हाला विचारलं, "मग आता मी शिनियर शिटिझन नाही का?" प्रश्न अगदी बरोबर होता.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलखातल्या म्हाताऱ्या बायकांनी या शब्दांचं काय केलं? तेही पाहण्यासारखं आहे, कारण त्यांनी सभ्य शब्द मागितले नाहीत. मॅगी कून ही अमेरिकेतल्या एका चर्चच्या संस्थेत काम करत होती. १९७० मध्ये ६५ वर्षांची झाली म्हणून तिला सक्तीनं निवृत्त केलं. तिनं पाच मैत्रिणींना जमवलं आणि संघटना काढली. १९७२ पासून ती 'ग्रे पँथर्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. ब्लॅक पँथर्सवरून ते नाव पडलं. त्याच वर्षी, त्याच ब्लॅक पँथर्सवरून, मुंबईत दलित पँथर उभी राहत होती. एकाच ठिणगीनं इकडे वस्तीतले तरुण पेटले आणि तिकडे पांढऱ्या केसांच्या बायका. १९७४ मध्ये पेन्शनच्या कायद्यावर सही होत होती त्या समारंभात राष्ट्राध्यक्ष फोर्ड तिला कौतुकानं 'यंग लेडी' म्हणाले. तिनं तिथल्या तिथे सांगितलं की मी तरुण नाही, म्हातारी बाई आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. साठीच्या बाईला 'तुम्ही अजून चाळिशीच्या दिसता' असं म्हणून आपणही किती सहज खूश करतो!

सिमोन द बोव्हारचं म्हातारपणावरचं मोठं पुस्तक १९७० मध्ये फ्रेंचमध्ये आलं. तिनं साध्या शब्दात 'म्हातारपण' असंच नाव दिलं होतं. दोन वर्षांनी त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. ब्रिटनमध्ये नाव राहिलं 'ओल्ड एज'. अमेरिकेत तेच भाषांतर 'द कमिंग ऑफ एज' या नावानं विकलं गेलं, म्हणजे वयात येणं! म्हातारपणाबद्दल कुणी बोलत नाही अशी तक्रार करणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर म्हातारपणाचा शब्द छापायला प्रकाशक धजला नाही.

वयावरून माणसाला कमी लेखण्याला 'एजिझम' हे नाव १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर या डॉक्टरनं दिलं. वॉशिंग्टनजवळच्या एका सुखवस्तू वस्तीत गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं करायचं निघालं आणि शेजाऱ्यांनी विरोध केला, ते पाहून. 'रेसिझम', 'सेक्सिझम'च्या चालीवर हा शब्द बसला. मराठीत त्याला 'वयभेद' म्हणावं की 'वयवाद', यावर आमच्यातही एकमत नाही. पण शब्द नाही म्हणून गोष्ट नाही असं नसतं.

आम्हाला सगळ्यांत अस्वस्थ केलं ते बार्बरा मॅकडोनाल्डनं. रात्रीचे रस्ते आमचेही आहेत म्हणून निघालेल्या बायकांच्या मोर्चात ती पासष्टीला गेली होती, तर संयोजक मुलीला काळजी पडली की ही चालीला चाल देऊ शकेल का. पोलिसांना नव्हे, मैत्रिणींना. त्या अनुभवातून तिनं सिंथिया रिचबरोबर 'लुक मी इन द आय' हे पुस्तक १९८३ मध्ये लिहिलं. तिचं म्हणणं असं की तरुण स्त्रीवाद्यांना म्हातारी बाई दिसते ती आई म्हणून. माया करणारी, सांभाळून घेणारी, किंवा मग कुठलं तरी गूढ शहाणपण असलेली. आपल्यासारखीच एक राजकीय बाई म्हणून दिसत नाही. त्याच वळणानं पुढे म्हाताऱ्या लेस्बियन बायकांनी १९८९ मध्ये संघटना बांधली तेव्हा नावात 'ओल्डर' न घेता मुद्दाम 'ओल्ड' घेतलं.

आता आपल्या घरात पाहू. १९७५ च्या आसपास ज्या चळवळीत आल्या त्या आज सत्तरीच्या, ऐंशीच्या आहेत. शिबिरात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, शाल मिळते, उद्‌घाटनाला दोन शब्द मिळतात. कार्यक्रमपत्रिका ठरवताना त्यांना फोन जातो का? तीन मजले चढून जायच्या सभागृहात आपण बैठक ठेवतो आणि 'ताईंना आता झेपत नाही' म्हणतो. वस्तीतल्या बाईला तर आपण नावानं हाकही मारत नाही, ती 'आजी' किंवा 'मावशी'. या संपादकीयाच्या सुरुवातीलाच आम्हीही 'मावशी' लिहिलं आहे. नात्याच्या हाकेत माया असते, ते मराठीचं बळ आहे, आणि त्या बाईलाही 'अहो मॅडम'पेक्षा मावशी बरं वाटतं. पण अहवालात 'एक आजी म्हणाल्या' असं लिहिलं की तिचं काम, तिची संघटना, तिचं नाव सगळं पुसलं जातं. तिथे तरुण कार्यकर्ती मात्र नावानिशी असते.

मराठीतल्या 'म्हातारी'कडेही भाबडेपणानं पाहण्यात अर्थ नाही. व्युत्पत्ती सांगणारे 'म्हातारा' हा 'महत्तर'वरून आला म्हणतात, म्हणजे मोठा, मान्यवर. पण 'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण आपण भाषणात बिनदिक्कत वापरतो. म्हातारी मेल्याचं दुःख का नाही, हे विचारत नाही. 'थेरडी' ही शिवी. तिचं मूळ 'स्थविर', पालीतला 'थेर'. बुद्धाच्या संघात 'थेरी' म्हणजे अनुभवानं थोर झालेली भिक्षुणी, आणि त्या थेरींच्या स्वतःच्या रचना 'थेरीगाथे'त जपून ठेवल्या आहेत. त्यांत म्हाताऱ्या झालेल्या शरीराबद्दल स्पष्ट बोलणाऱ्या बायकाही आहेत. संघातला मानाचा शब्द गल्लीत येईपर्यंत शिवी झाला. दुसरीकडे लेकीकडे जाऊन खाऊन-पिऊन, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी गोष्टीतली म्हातारीही आपलीच. मुंबईच्या कमला नेहरू पार्कमधला 'म्हातारीचा बूट' मात्र इंग्रजी बालगीतातून आलेला. ती म्हातारी पोराबाळांच्या गर्दीनं टेकीला आलेली, आणि त्या सगळ्या गाण्यात तिचा म्हातारा कुठे आहे ते कुणी सांगत नाही.

पत्रकाच्या चर्चेत एक निवृत्त शिक्षिकाही होत्या. मावशींचं बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही खुशाल म्हातारी म्हणवून घ्या. मी ३३ वर्षं नोकरी केली, वर्गणी भरली, सहीनं पेन्शन घेते. घरात सून मला म्हातारीच म्हणते. बाहेर तरी मला ज्येष्ठ नागरिक म्हणा." सगळ्या गप्प झाल्या. एकीला जो शब्द कधी मिळालाच नाही, तो दुसरीनं कमावलेला होता. मावशींनी विचारलं, "सून म्हणती ते वंगाळ, पर आपण आपल्याला म्हणलं तर?" बाई म्हणाल्या, "ते मला अजून जमत नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा अंकापुरतं आम्ही एवढं ठरवलं आहे. बातमीत, अहवालात कुणाही बाईला नुसतं 'आजी' लिहायचं नाही. ती मावशी असली तरी नाव, गाव, काम लिहायचं, ती नको म्हणाली तरच गाळायचं. 'या वयातही' हे दोन शब्द कापायचे. 'निराधार' हा शब्द योजनेच्या नावापुरताच. आणि जिच्याबद्दल लिहितो तिला विचारायचं, तुम्हाला काय म्हणायचं. तुमच्या भागात म्हाताऱ्या बाईला कोणकोणते शब्द आहेत, मानाचे, मायेचे, शिवीचे, ते आम्हाला कळवा. कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी, पारधी, गोंडी, जी भाषा असेल तिच्यात. पुढच्या अंकात छापू.

पत्रक अखेर छापून आलं. वर मोठ्या अक्षरात 'म्हाताऱ्यांचा मेळावा', त्याखाली त्याच आकारात 'ज्येष्ठ नागरिक महिलांचा मेळावा', आणि खाली मागण्या: घरकामगारांची नोंदणी साठीनंतरही चालू ठेवा, पेन्शन साठीपासून द्या, वयाच्या दाखल्यासाठी दोन शेजाऱ्यांची साक्ष धरा. दोन मथळ्यांमुळे पत्रक जरा गर्दीचं दिसतं, छापखानेवाल्यानं तसं बोलूनही दाखवलं. मेळावा १ ऑक्टोबरला दुपारी २ वाजता आहे. सभागृह तळमजल्यावरचं मिळालं आहे. पाठ असलेल्या खुर्च्या कमी पडतील, जवळपासच्या गटांनी दहा-दहा घेऊन याव्यात.

– संपादक मंडळ